कूलरसाठी नवा सॉकेट काढताना

जळगाव-भुसावळकडे एप्रिल लागला की खिडकीजवळ कूलरचा पॉइंट हवाच. घरगुती कूलर साधारण 200 वॅटचा, म्हणजे अँपिअरभरही नाही. जवळच्या बोर्डातून लूप घेऊन 6 अँपिअरचा सॉकेट चालतो. खरी गोम अर्थिंगची. जुन्या घरांत बोर्डापर्यंत हिरवी वायर बरेचदा आलेलीच नसते, आणि पत्र्याच्या डब्यात पाणी भरून आपण तो लेकरांजवळ ठेवतो! आधी अर्थची वायर ओढून घ्या; सॉकेटची अर्थ पिन न्यूट्रलला जोडून भागवणाऱ्याला घरात घेऊ नका. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. काम लायसनवाल्या वायरमनकडूनच, मेन बंद करून. एसी किंवा गीझर या लूपवर नको; त्याला डीबीपासून (घरातल्या मुख्य वाटप बोर्डापासून) स्वतंत्र लाइन आणि एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच).