करारनाम्यांसाठी दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली स्वीकारताना

एखाद्या पक्षकाराशी आज आपला कोणता करार, कोणत्या अटींवर आणि कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळवायला आपल्या संस्थेत किती वेळ लागतो, हे प्रणालीचा विचार करण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष पडताळून पाहावे. त्यासाठी एखादा जुना पुरवठादार निवडून संबंधित विभागांकडे विचारणा करावी. बहुतेक ठिकाणी कागद सापडतो. पण सापडलेला कागद अंतिम आहे का, त्यानंतर त्यात काही बदल झाला का, त्याची मुदत कोणी वाढवली का, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा माणूस सापडत नाही. दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली आणायची ती ही उणीव दूर करण्यासाठी. नुसते कागद स्कॅन करून संगणकावर चढवले, तर कपाटातला गोंधळ तसाच्या तसा पडद्यावर येतो, आणि तो आता व्यवस्थित दिसत असल्यामुळे त्यावर अधिक विश्वास ठेवला जातो.

आधी यादी, मग सॉफ्टवेअर

विक्रेत्यांची सादरीकरणे पाहण्याआधी आपल्याकडे करार किती आहेत आणि ते कुठे कुठे आहेत, याची यादी करावी. करार केवळ विधी विभागाच्या कपाटात नसतात. ते ईमेलच्या जोडपत्रांत असतात, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर असतात, बाहेरच्या वकिलांकडे असतात आणि ज्या विभागाने व्यवहार केला त्याच्या खणातही असतात. ही यादी पूर्ण झाली की नाही हे ताडून पाहण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे लेखा विभागाची नोंद. ज्यांना आपण नियमितपणे पैसे देतो आणि ज्यांच्याकडून नियमितपणे घेतो, त्या प्रत्येक नावासमोर करार असायला हवा. ज्या नावासमोर तो नाही, तिथे एक तर करार हरवला आहे किंवा कधी झालाच नाही. दोन्ही गोष्टी वेळेवर कळणे मोलाचे आहे. गोपनीयतेच्या करारांत मात्र पैशांची देवाणघेवाण नसते, त्यामुळे ते या चाळणीतून निसटतात आणि त्यांचा शोध वेगळा घ्यावा लागतो.

अधिकृत प्रत कोणती, हे ठरवण्याचे काम

प्रणाली स्वीकारण्यातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, आणि ते कोणतेही सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही. एकाच कराराचे मसुदे, दुरुस्त्या दाखवणाऱ्या प्रती, एकाच पक्षाची सही असलेली प्रत आणि दोन्ही पक्षांच्या सह्या असलेली प्रत एकाच फोल्डरमध्ये जवळपास सारख्याच नावांनी पडलेल्या असतात. ‘अंतिम’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘अंतिम नवीन’ अशा नावांवरून काहीच ठरवता येत नाही. प्रत्येक करार उघडून काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्या लागतात: सर्व पक्षकारांच्या सह्या आहेत का, सही करणाऱ्याला तसा अधिकार होता याचा कागद सोबत आहे का, तारखेची जागा कोरी तर राहिलेली नाही ना, पृष्ठक्रम सलग आहे का, आणि मजकुरात ज्या परिशिष्टांचा उल्लेख आहे ती सगळी जोडलेली आहेत का. दर, सेवेची पातळी, दंडाची रक्कम असा ज्यावरून पुढे वाद होतो तो मजकूर बहुधा परिशिष्टांतच असतो, आणि नेमकी तीच गहाळ झालेली आढळतात. ‘आमच्या संकेतस्थळावरील अटी लागू राहतील’ असे कलम असेल, तर त्या अटींची सही झाल्या दिवशीची प्रत करारासोबत जतन करावी, कारण संकेतस्थळावरचा मजकूर बदलत राहतो.

अधिकृत प्रत ठरली की ती ‘स्वाक्षरीत’ म्हणून कुलूपबंद करावी आणि मसुदे वेगळ्या जागी ठेवावेत. वाटाघाटींचा इतिहास म्हणून मसुदे कधी उपयोगी पडतात, कधी अडचणीतही आणतात. ते किती काळ ठेवायचे याचा निर्णय विधी सल्लागाराने विचारपूर्वक घ्यावा.

करारांचे कुटुंब एकत्र ठेवावे

करार सहसा एकटा नसतो. मूळ करार, त्याचा पहिला पुरवणी करार, पहिल्या पुरवणीत बदल करणारी दुसरी पुरवणी, त्याखाली निघालेले कार्यादेश, मुदतवाढीचे पत्र, हमीपत्र असे त्याचे कुटुंब असते. वर्षानुसार फोल्डर केले की हे कुटुंब विखुरते: २०१९ चा मूळ करार एका जागी, २०२२ ची पुरवणी दुसऱ्या जागी. मग मूळ करार वाचणाऱ्याला त्यातले देयकाचे कलम कधीच बदलले आहे, हे कळायला वाव राहत नाही. म्हणून प्रणालीत प्रत्येक पुरवणी तिच्या मूळ कराराशी जोडता यायलाच हवी, आणि मूळ करार उघडताच त्याच्या सर्व पुरवण्या कालक्रमाने समोर दिसायला हव्यात. निवड करताना एवढी एकच क्षमता तपासायची असेल, तर ही तपासावी. पुष्कळ बदल झालेल्या महत्त्वाच्या करारांसाठी सर्व दुरुस्त्या समाविष्ट केलेला एकत्रित मजकूर तयार करणे सोयीचे ठरते. मात्र ती केवळ वाचनाची सोय आहे, अधिकृत दस्तऐवज नाही, असे त्यावर स्पष्ट लिहावे.

माहितीचे रकाने आणि तारखा

प्रत्येक करारासोबत कोणती माहिती नोंदवायची, हे ठरवताना हात आखडता घ्यावा. चाळीस रकाने ठेवले तर ते अर्धवट भरले जातात आणि अर्धवट माहितीवर केलेला शोध फसवतो. पक्षकारांची पूर्ण कायदेशीर नावे, कराराचा प्रकार, मूळ कराराचा संदर्भ, रक्कम, लागू होणारा कायदा, जबाबदार पद आणि तारखा एवढे पुरेसे असते. जबाबदारी व्यक्तीच्या नावावर न ठेवता पदावर ठेवावी, नाहीतर माणूस बदलला की स्मरणपत्रे बंद पडलेल्या ईमेलवर जात राहतात.

तारखांच्या बाबतीत काटेकोर राहावे. सहीची तारीख, अंमल सुरू होण्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि नोटीस देण्याची शेवटची तारीख या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुकसान होते ते बहुधा चौथीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. समजा, करार ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपतो, त्यापूर्वी किमान ९० दिवस लेखी नोटीस दिली नाही तर तो आपोआप आणखी एका वर्षासाठी वाढतो, असे कलम आहे. अशा वेळी खरी महत्त्वाची तारीख डिसेंबरमधली नसून २ ऑक्टोबर २०२७ ही आहे. आणि नोटीस पाठवल्यापासून नव्हे तर पोहोचल्यापासून दिवस मोजायचे असतील, तर त्याहीआधीची. करार चालू ठेवायचा की नाही यावर विचार करायला, पर्याय शोधायला आणि मंजुरी घ्यायला वेळ लागतो, म्हणून पहिले स्मरणपत्र जुलैतच निघायला हवे. ही माहिती कलम वाचून समजू शकणाऱ्या व्यक्तीने भरावी आणि दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून पाहावी. आता अनेक प्रणाली करारातून तारखा आणि रकमा आपोआप उचलून देतात. त्याने श्रम वाचतात, पण माणसाने तपासल्याशिवाय ती नोंद पक्की समजू नये.

स्कॅनिंग आणि डिजिटल सही

कागदी करार ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० बिंदू) स्कॅन करून त्यांवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी प्रक्रिया, चालवावे, म्हणजे मजकुरात शोध घेता येतो. फाइल लहान करण्याच्या मोहात पडू नये. २०१३ साली एका जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले होते, की काही स्कॅनर यंत्रे प्रतिमा दाबून लहान करताना एका आकड्याच्या जागी दुसराच आकडा बसवत होती, उदाहरणार्थ ६ च्या जागी ८, आणि तो आकडा इतका स्वच्छ दिसे की चूक लक्षातही येऊ नये. करारात एक आकडा बदलणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणून रकमा, टक्केवाऱ्या आणि तारखा असलेली पाने स्कॅननंतर मुळाशी ताडून पाहावीत. दीर्घकाळ जतनासाठी २००५ साली आयएसओ १९००५ या मानकाने निश्चित झालेला पीडीएफ/ए हा प्रकार वापरावा. त्यात फॉन्ट फाइलमध्येच सामावलेले असतात, त्यामुळे अनेक वर्षांनंतरही दस्तऐवज तसाच उघडतो. स्कॅन झाला म्हणून मूळ कागद नष्ट करू नये. कोणत्या दस्तऐवजाची मूळ प्रत न्यायालयात लागते, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असते. तोवर मूळ प्रत कोणत्या कपाटात, कोणत्या बाडात आहे याची नोंद प्रणालीतच ठेवावी.

डिजिटल सही केलेल्या फाइलची गोष्ट वेगळी आहे. ती छापून पुन्हा स्कॅन केली, किंवा छापण्याच्या आज्ञेने तिची नवी पीडीएफ बनवली, तर सहीचे चित्र उरते पण सहीची पडताळणी कायमची नष्ट होते. म्हणून जशी आली तशीच मूळ फाइल जतन करावी. सही करणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांची मुदत संपत असल्यामुळे सहीसोबत विश्वसनीय कालमुद्रा, म्हणजे सहीच्या वेळेची पडताळता येणारी नोंद, असणेही आवश्यक आहे, जेणेकरून सही झाली तेव्हा प्रमाणपत्र वैध होते हे नंतर सिद्ध करता येते.

परवानग्या, नोंदी आणि जतनाची मुदत

कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे, हे पदानुसार ठरवावे. सगळेच सगळ्यांपासून लपवले तर लोक आपापल्या प्रती बाळगू लागतात आणि अधिकृत प्रतीचा अर्थच उरत नाही, ही काळजी मला गळतीच्या काळजीइतकीच महत्त्वाची वाटते. कोणी कधी काय उघडले, बदलले, उतरवून घेतले याची न पुसता येणारी नोंद प्रणालीत असावी. फाइल आत येताच एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने तिचा ठसा, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी आकडे-अक्षरांची खूण, काढून ठेवला, तर पुढे एक अक्षर बदलले तरी ते उघड होते.

जतनाचा काळ सहीपासून नव्हे, तर करार संपल्यापासून आणि त्यानंतरही टिकणारी दायित्वे संपल्यापासून मोजावा. वाद उद्भवला किंवा उद्भवण्याची चिन्हे दिसली, की संबंधित दस्तऐवजांचे नाशन तत्काळ थांबवण्याची सोय हवी आणि ती कोण वापरणार हे आधीच लिहून ठेवलेले हवे.

निवड आणि स्थलांतर

विक्रेत्याच्या नमुना फाइलींवर चाचणी घेऊ नये. आपले सर्वांत किचकट वीस करार निवडावेत: पुष्कळ पुरवण्यांचे, दोन भाषांतले, अस्पष्ट स्कॅनचे, हस्तलिखित दुरुस्त्यांचे. त्याच वेळी सर्व फाइली, त्यांची माहिती आणि परस्परसंबंध यांसह त्या बाहेर काढूनही पाहाव्यात. आत जाण्याइतकेच बाहेर पडणे सुलभ नसेल, तर ती प्रणाली घेऊ नये.

स्थलांतर चालू करारांपासून सुरू करावे. त्यातही ज्यांची नोटिशीची तारीख जवळ आहे ते आधी. संपलेले करार नंतर आले तरी चालतात. एक दिवस निश्चित करून त्यानंतरचा कोणताही करार प्रणालीत नोंद झाल्याशिवाय लागू धरला जाणार नाही, असे ठरवावे आणि पहिले देयक मंजूर करताना त्या नोंदीचा क्रमांक मागावा. माझ्या मते प्रशिक्षणाच्या दहा बैठकांनी जे साधत नाही ते या एका अटीने साधते.

त्यानंतर दर महिन्याला कोणतेही दहा करार उचलून त्यांच्या तारखा आणि पुरवण्या मूळ मजकुराशी ताडून पाहाव्यात, आणि चूक आढळली तर त्याच प्रकारचे बाकीचे करारही त्याच आठवड्यात तपासावेत.