अंतराळातून फौज उतरवताय? या चुका टाळा

टेबलावर खेळायच्या अंतराळयुद्धाच्या खेळात नव्या खेळाडूच्या आर्मी लिस्टचं, म्हणजे फौजेच्या यादीचं, पहिलं पान झकास असतं: ६० रणगाडे, १२० चिलखती गाड्या, १२ ड्रॉपशिप (कक्षेतून फौज खाली आणणारी यानं). खाली बारीक अक्षरात एक ओळ: ‘तैनाती – १ टर्न’, म्हणजे सगळी फौज खेळाच्या एका पाळीत खाली. त्या एका ओळीने मोहीम खोटी पडते. मे महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबलं जोडली गेली की दरवर्षी हेच.

यानाचा वेग म्हणजे फौजेचा वेग नव्हे

राजेहो, आधी कागद-पेन घ्या. रणगाडा ५० टनांचा, चिलखती गाडी २० टनांची, ड्रॉपशिपची क्षमता ६० टन. दारूगोळा, इंधन, पाणी, सुटे भाग आणि वर्कशॉप मिळून २,६०० टन धरा. एकूण वजन ८,०००. नुसत्या वजनाने भागलं तर १३४ खेपा येतात. पण रणगाडा चढला की उरलेल्या १० टनांच्या जागेत चिलखती गाडी बसत नाही; सामानही त्यात न कोंबता वेगळं न्यायचं धरा. म्हणून रणगाड्यांच्या ६०, गाड्यांच्या ४० आणि सामानाच्या ४४, अशा १४४ खेपा होतात. चढवणं २ तास, खाली येणं १, उतरवणं १, वर जाणं १, तपासणी आणि इंधन १. एक फेरी ६ तासांची. १२ यानांना १२ फेऱ्या, म्हणजे ३ दिवस. त्यातली ३ यानं दुरुस्तीला उभी राहतातच. मग ९ यानांना १६ फेऱ्या, म्हणजे ४ दिवस.

आणि खाली तळावर एकाच यानाला जागा असेल तर? तासाला एक यान मोकळं होणार. १४४ तास, पूर्ण ६ दिवस; यानं १२ आणा नाहीतर ४०. मोसमात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा ट्रॅक्टर किती जोरात हाणला याला काही अर्थ नसतो; काट्यावर तासाला किती गाड्या मोकळ्या होतात, तेवढंच खरं. तरी नवीन पोरं पॉइंट (फौज घ्यायला मिळालेले गुण) खर्चतात ते वेगवान इंजिनावर. त्याच पॉइंटांत दुसरा तळ आणि उतरवणीचं पथक घ्या.

खेपा पडल्या की पुढचं दुखणं सुरू होतं, आणि ते इतिहासात नीट नोंदलेलं आहे. १७ सप्टेंबर १९४४ ला ब्रिटिशांची पहिली एअरबोर्न डिव्हिजन नेदरलँड्समधल्या आर्नहेमजवळ उतरू लागली. विमानं कमी होती, म्हणून खेपा तीन दिवसांवर वाटल्या. पहिल्या दिवशी उतरलेल्यांतली बरीच माणसं ताब्यात घ्यायच्या पुलाकडे निघण्याऐवजी दुसऱ्या खेपेसाठी उतरण्याची मैदानं राखत बसली. पुलाच्या उत्तर टोकाशी पोचली जेमतेम एक बटालियन आणि काही फुटकळ पथकं. पोलिश ब्रिगेडचे छत्रीधारी सैनिक हवामानामुळे २१ तारखेला आले, तोवर पूल हातचा गेला होता. वरून टाकलेल्या रसदीचा मोठा भाग जर्मनांच्या ताब्यातल्या जागी पडला. डिव्हिजन लढली जिवावर उदार होऊन, पण खेपांचं गणित शौर्याने सुटत नाही.

म्हणून टेबलावर आमचा नियम असा: पहिल्या खेपेचा एक तृतीयांश भाग तळाभोवती उभा राहतो, त्याला पुढे सरकता येत नाही. तळ शत्रूच्या माऱ्यात आला की उतरायला येणारी खेप कक्षेत परत. यावर कुरकुर करणारा गडी पुढच्या मोहिमेत स्वतःच हा नियम मागतो.

‘लेझर आहे, दारूगोळा कशाला?’

हा दुसरा लाडका घोटाळा. लेझरला गोळी लागत नाही, पण वीज लागते. विजेला जनरेटर किंवा भरलेले सेल लागतात, थंड ठेवायला शीतक लागतं, भिंगं खराब झाली की बदलावी लागतात. यातलं सगळं वजनदार आहे आणि सगळं त्याच १४४ खेपांतून येतं. आजच्या अमेरिकी अब्राम्स रणगाड्याची टाकी सुमारे १,९०० लिटरची, पल्ला ४२५ किलोमीटरच्या आसपास; टर्बाइन असल्याने नुसता उभा राहूनही तो भरपूर पितो. तुमचा काल्पनिक रणगाडा हवेवर चालणार असेल तर तसं लिस्टमध्ये लिहा, आणि त्याचे पॉइंटही मोजा.

मला बशीतले तुरीचे दाणे बरे वाटतात: एक दाणा १० टन. लढलेली कंपनी टर्नला दोन दाणे खाते, उभी असलेली एक. बशी रिकामी झाली की गोळीबार बंद. मोबाइलवर तक्ते करणारे हमखास एखादी ओळ विसरतात. रिकामी बशी सगळ्यांना दिसते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सगळा साठा एका चौकोनात रचू नका. २०१६ च्या मे अखेरीस पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, ते वर्धा जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. निदान तीन ढीग करा, मध्ये अंतर ठेवा.

मालाचे डबे एकाच मापाचे घ्या. शकुंतला या छोट्या रेल्वेच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर आणि मूर्तिजापूरला गाठ पडायची ती १,६७६ च्या ब्रॉडगेजशी. तिथे माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरण्याला पर्याय नव्हता. कक्षेतला कंटेनर ड्रॉपशिपमध्ये जसाच्या तसा बसत नसेल, तर प्रत्येक फेरीत २ तास वाढवा.

हलकी फौज लवकर पोचते, जड फौज उशिरा. दोन्ही एका वेळात दाखवू नका. ३ नोव्हेंबर १९८८ ला आग्र्याहून निघालेले आपले पॅरा (छत्रीधारी सैनिक) त्याच रात्री मालदीवला उतरले. डिसेंबर २००१ मध्ये पाकिस्तान सीमेवर निघालेल्या स्ट्राइक कोअरला, म्हणजे रणगाड्यांच्या जड फौजेला, सुमारे तीन आठवडे लागले.

आणि जमीन बघून उतरा. नकाशावर काळी माती आणि पावसाळा दोन्ही असतील, तर मुरूम टाकून तळ बांधायला एक दिवस राखा. नाहीतर पहिलंच यान चाकापर्यंत रुतेल आणि मागची अकरा वर घिरट्या घालत बसतील.