श्रावणाआधीची एक दुपार आणि सात हेडफोन

गेल्या वर्षी आषाढातल्या एका दुपारी आम्ही सात जणी आमच्या पडवीत बसलो होतो. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरचं महिला भजनी मंडळ म्हणजे आम्हीच. सगळ्यांचे ब्लूटूथ हेडफोन एकाच दुकानातले, एकाच मॉडेलचे. सातही जणींनी एकदम बटणं दाबली आणि प्रत्येकीच्या फोनवर तेच नाव सात-सात वेळा उमटलं. कोणाचा हेडफोन कोणाच्या फोनला लागला कळेना. काकीच्या कानात माझ्या फोनमधला अभंग वाजत होता आणि काकी स्वतःच्या फोनचा आवाज वाढवत बसली होती. दोन तास गेले, चाल एकही बसली नाही. यंदा दोघी नव्या येताहेत, तिघींनी फोन बदललेत, म्हणून सगळी तयारी क्रमाने लिहून ठेवते. दुसऱ्या वाड्यावरच्या मंडळांनाही उपयोगी पडेल.

हेडफोन हवेतच कशाला, असं घरातली माणसं विचारतात. आमचे बुवा चालीचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. ते ऐकायला वेळ मिळतो तो रात्री, जेवणं आणि भांडी आटोपल्यावर. तेव्हा एका खोलीत टीव्ही चालू असतो आणि दुसरीत मुलांचा अभ्यास. चाल गळ्यात उतरण्याआधी कानात उतरावी लागते, आणि त्यासाठी ती दहा-पंधरा वेळा निवांत ऐकावी लागते. श्रावण लागला, वास्कोचा दामोदराचा सप्ताह आला, पाठोपाठ चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी आली, की मग शिकायला सवड नसते. म्हणून ही कामं आषाढातच उरकायची.

अजून हेडफोन घेतला नसेल तर आधी स्वतःचे कान बघा. आमच्यातल्या चौघी कुड्या घालतात. कानावर दाबून बसणारी गादी असली की कुडीची फिरकी कानामागे रुतते आणि अर्ध्या तासात कान लाल होतो. डोक्यावरून जाणारा पट्टा अंबाड्याला आणि माळलेल्या फुलांना नडतो. त्यामुळे पन्नाशीपुढच्या बायकांना मी गळ्यात राहणारा नेकबँड सुचवते. तो कानातून निसटला तरी गळ्यात राहतो, विहिरीकडे किंवा न्हाणीत पडून हरवत नाही. त्याची बटणं खरी, बोटाला लागणारी असतात. सुटे इअरबड तरुण मुलींना बरे. वयस्कर बोटांना त्यांच्यावरचा स्पर्श जमत नाही, नुसतं बोट लागलं तरी गाणं थांबतं आणि काहीतरी बिघडलं असं वाटून माणूस घाबरतं. कोणाला श्रवणयंत्र असेल तर हेडफोन घेण्याआधी ते जिथून घेतलं तिथे विचारा. नवी पुष्कळशी श्रवणयंत्रं स्वतःच ब्लूटूथने फोनला जोडता येतात, वेगळा हेडफोन लागतच नाही.

जोडणीच्या आदल्या रात्री हेडफोन पूर्ण चार्ज करून ठेवा. दुकानातून येताना त्यात थोडी बॅटरी असते, पण अर्ध्या जोडणीत तो बंद पडला की सगळं पहिल्यापासून. चार्जरच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. काही स्वस्त हेडफोनना सी प्रकारचं भोक असतं, पण दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत. हेडफोन समोर आहे हे चार्जरला ओळखता यावं म्हणून लागणारे छोटे रोधक आत बसवलेले नसतात, म्हणून चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चपट्या यूएसबी टोकाची केबल लावली की लगेच दिवा लागतो. मावशीने हेडफोन बिघडलेला समजून परत करायला काढला होता. तेव्हा एक जुनी केबल हाताशी ठेवाच. पावसात आमच्याकडे वीज येते-जाते, म्हणून सकाळी उठल्यावर दिवा बघून चार्जिंग खरंच झालं की नाही याची खात्री करा. विजा चमकत असतील तेव्हा चार्जर भिंतीतून काढून ठेवा.

आता फोन. चालींची रेकॉर्डिंगं आधीच उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण पावसात नेटवर्क गेलं की व्हॉट्सअ‍ॅपमधलं न उघडलेलं काही वाजत नाही. मग सेटिंगमध्ये ब्लूटूथच्या यादीत जा. ते चिन्ह ओळखायला शिकवा. मावशीने ‘हा निळा दात कसला?’ म्हणून विचारलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याला ब्लूटूथ म्हणत, त्याच्यावरून हे नाव पडलं, आणि ते चिन्ह म्हणजे त्याच्या आद्याक्षरांच्या दोन जुन्या लिप्याक्षरांची जोड आहे. ही गोष्ट सांगितल्यापासून मावशी ते चिन्ह विसरलेली नाही. यादीत जुने, मोडलेले, देऊन टाकलेले हेडफोन दिसतील. त्यांच्यावर जाऊन ‘विसरा’ म्हणा. यादी जेवढी कोरी, तेवढा पुढचा गोंधळ कमी.

फोन कोरा केला म्हणजे हेडफोनही कोरा झाला असं नाही. जोडणी होते तेव्हा फोन आणि हेडफोन दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. म्हणूनच पुढच्या वेळी काही न विचारता ते आपोआप जोडले जातात. हेडफोन चालू झाला की आधी शेवटच्या ओळखीच्या फोनला शोधायला निघतो. हेडफोन पूर्वी नातवाच्या फोनला लावलेला असेल, तर तो आतल्या खोलीतल्या नातवाच्या फोनलाच जाऊन चिकटतो आणि आजी इथे वाट बघत बसते. म्हणून जोडणीच्या वेळी घरातल्या बाकीच्या फोनांचं ब्लूटूथ बंद करा. तरीही जमलं नाही तर सोबतच्या कागदावर रीसेट कसं करायचं ते दिलेलं असतं. तो कागद खोक्याबरोबर टाकू नका, देवघराच्या फडताळात ठेवा.

आता मुख्य काम, आणि इथे घाई नको. एका वेळी एकच हेडफोन चालू करायचा. बाकी सहा बंद, नुसते बाजूला ठेवलेले नव्हेत, बंद. ज्याची पाळी असेल त्याचं बटण दाबून धरायचं. नुसतं चालू करण्यापेक्षा जास्त वेळ, साधारण पाच-सात सेकंद, दिवा लाल-निळा लुकलुकेपर्यंत किंवा आतून ‘पेअरिंग’ असा आवाज येईपर्यंत. पुष्कळ जणी दिवा लागला की बोट उचलतात. तेवढ्याने हेडफोन चालू होतो, पण नव्या फोनला दिसत नाही. इअरबड असतील तर ते डबीत ठेवून झाकण उघडं ठेवायचं आणि डबीवरचं बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की फोनवर नवीन डिव्हाइस पेअर करण्याच्या ओळीवर जायचं. ही अवस्था काही मिनिटांतच आपोआप संपते, तेव्हा फोन आधी उघडून हातात तयार असू द्या. नाव दिसलं की त्यावर बोट ठेवायचं. फोनने एखादा आकडा दाखवला तर होकार द्यायचा, आणि जुन्या यंत्राने आकडा मागितला तर बहुधा चार शून्यं चालतात. त्याच चौकटीत संपर्क आणि कॉलचा इतिहास वापरू द्यायचा का, असा प्रश्न असतो. चाल ऐकायला त्याची गरज नाही, ती खूण काढून टाका.

जोडलं गेलं की लगेच, पुढच्या बाईकडे वळण्याआधी, नाव बदलायचं. अँड्रॉइड फोनवर हेडफोनच्या नावाशेजारच्या चाकाच्या खुणेवर गेलं की नाव बदलता येतं. ‘काकी’, ‘मावशी’, ‘शैलाची आई’ असं सरळ लिहा. त्या नावापुरती नेलपॉलिशची एक टिकली हेडफोनवरही काढा, प्रत्येकीचा रंग वेगळा. डावा-उजवा ओळखायलाही तीच युक्ती: उजव्या बाजूला टिकली. आतली बारीक इंग्रजी अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत. मग तो हेडफोन बंद करा, पुन्हा चालू करा, आणि आपोआप जोडला जातो का ते बघा. जोडला गेला तरच ती बाई मोकळी. सात जणींना असं करायला तासभर लागतो, आणि तो तास द्यायचा.

पहिली परीक्षा तंबोऱ्यावर घ्या. फोनवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये आपली पट्टी लावा आणि दोन्ही कानांना सारखा, अखंड आवाज येतो का ते ऐका. मध्येच तुटत असेल तर फोन कुठे आहे ते बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, ७९ बारीक वाटांमधून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत. त्याच पट्ट्यात वायफाय असतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही. पाणी या लहरी शोषून घेतं आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच, म्हणून पाठीमागे कमरेला खोचलेल्या फोनचा आवाज तुटतो आणि समोर ठेवलेल्याचा तुटत नाही. साधारण दहा मीटरचा पल्ला सांगतात तो मोकळ्या जागेतला. आमच्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती मध्ये आल्या की तो पल्ला पडवीपासून रांधणीपर्यंतही पुरत नाही. फोन बरोबर घेऊनच फिरा.

गाणाऱ्यांसाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही कान बंद करून गायचं नाही. कान बंद असले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, बाहेरचा खरा आवाज कळत नाही आणि सूर ढळतो. ऐकताना दोन्ही कान, गाताना एकच. पण एक कान काढला की रेकॉर्डिंगमधला एका बाजूचा पखवाज किंवा पेटी नाहीशी होऊ शकते. त्यासाठी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ चालू करा. दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात एकत्र येतो. ही एक खूण केल्यावर काकीला पहिल्यांदा पूर्ण ठेका ऐकू आला आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो.

उशीर ही दुसरी अडचण. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज फोनमधून कानात पोहोचेपर्यंत साधारण दीडशे ते अडीचशे मिलीसेकंद जातात. व्हिडिओ बघताना फोन चित्र तेवढंच मागे ठेवतो, म्हणून जाणवत नाही. पण फोनवरच्या पेटीच्या अ‍ॅपची पट्टी दाबली की स्वर उशिरा येतो. मिनिटाला १२० मात्रांचा ठेका धरला तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि २०० मिलीसेकंदांचा उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. एकीच्या कानात ब्लूटूथवरचा ठेका आणि दुसरीसमोर फोनचा स्पीकर, असं करून दोघींनी झांजा धरल्या तर त्या जुळणारच नाहीत, आणि दोष हातांचा नसतो. एकत्र सरावाला हेडफोन काढून ठेवायचे आणि फोन स्पीकरवर लावायचा. ब्लूटूथ कानात ठेवून फोनवर स्वतःचं गाणं रेकॉर्डही करू नका. हेडफोनचा माइक चालू झाला की तो फोन कॉलच्या पद्धतीवर जातो, वरचे बारीक नाद गळतात आणि तंबोरा पत्र्यासारखा ऐकू येतो. बुवांना नमुना पाठवायचा तर हेडफोन बंद करून फोनच्या माइकवर गा.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं निर्धास्त, आणि ९० डेसिबलवर फक्त ४ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. डेसिबल मोजत कोणी बसत नाही, तेव्हा आम्ही एक साधी खूण ठरवली आहे: हेडफोन लावलेला असताना शेजारी बसलेलीने नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे. सप्ताहाच्या दिवसांत झांजांपुढे कान आधीच दमलेले असतात. त्या रात्री हेडफोन नकोतच.

पावसाळ्याची तरतूद वेगळी. खोक्यावर आयपीएक्स-४ लिहिलेलं असेल तर अंगावर उडालेले शिंतोडे चालतात, पागोळीखाली उभं राहणं नाही. इअरबडच्या डबीला तर बहुधा तेवढंही संरक्षण नसतं. दमट हवेत डबीतल्या पितळी टाचण्यांवर थर चढतो आणि एकच बाजू चार्ज होईनाशी होते. आठवड्यातून एकदा कोरड्या कापसाने पुसा. कानाच्या गाद्यांना बुरशी धरते, म्हणून घाम पुसून मगच ठेवायचं, आणि डब्यात औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, पीठ आणि धूळ जाळीत बसते. चार महिने वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज करून ठेवा, रिकामा नको आणि भरलेलाही नको.

पणजीला जाताना चोडण-रायबंदर फेरीत किंवा कदंब बसमध्ये चाल ऐकायला छान वेळ मिळतो. फेरीतून उतरून रस्त्याला लागलात की मात्र दोन्ही कान मोकळे करा, मागून गाड्या एकदम सुटतात. पिशवीत वायरचा एक जुना इअरफोन असू द्या, आणि फोनला गोल भोक नसेल तर सी प्रकारचा जोडही. भजन स्पर्धेच्या दिवशी रंगमंचामागे तीस-चाळीस फोन आणि तितकेच हेडफोन एकमेकांना शोधत असतात. तिथे पट्टी पुन्हा एकदा कानात घ्यायची असेल तर वायर लावा, सूर घ्या आणि वर जा.

येत्या शनिवारी दुपारी तीनला पडवीत. हेडफोन चार्ज करून, बंद ठेवून आणा. कुड्या घरीच काढून या, आणि जुनी केबल विसरू नका.