फायरबेस उभारायचा तर: व्हिएतनामच्या अनुभवातून तयारीची यादी

व्हिएतनामच्या जंगलात गनिमांच्या मागावर गेलेल्या पायदळाला तोफांचं छत्र मिळावं, म्हणून अमेरिकी सैन्याने ठिकठिकाणी फायरबेस उभारले. ही यादी त्या कामाच्या क्रमाने लिहिली आहे.

सुरुवात नकाशावर. १०५ मिमी हॉवित्झर तोफेचा पल्ला साधारण ११ किलोमीटर. गस्ती त्यापलीकडे जाणार असतील, तर तळाची जागा बदला. शेजारच्या तळाच्या तोफा आपल्यापर्यंत पोचतात का, हेही तपासा. स्वतःच्या तोफा बंद पडल्या तर आधार त्यांचाच. मग आजूबाजूच्या टेकड्या पाहा. जवळचा उंचवटा शत्रूच्या हाती राहिला तर काय होतं, हे आपल्याला पुरंदर-वज्रगडावरून ठाऊक आहे. १९७० च्या जुलैत रिपकॉर्ड तळाला तेच भोगावं लागलं: जवळची टेकडी घेता आली नाही, उखळी तोफांचा मारा थांबला नाही आणि २३ तारखेला तळ सोडावा लागला.

आधी पायदळ उतरवा, पाठोपाठ झाडं कापणारे इंजिनिअर, मग तोफा. एम-१०२ हॉवित्झर साधारण दीड टनाची, त्यामुळे चिनूक हेलिकॉप्टर ती खाली टांगून आणू शकतं. दारूगोळा मात्र एका ढिगात रचू नका आणि हेलिपॅडजवळ तर नकोच. रिपकॉर्डवर १८ जुलैला पाडलेलं चिनूक दारूगोळ्यावरच कोसळलं आणि त्या आगीत १०५ मिमी तोफा गेल्या.

आखणीला २५ व्या इन्फंट्री डिव्हिजनची रीत सोपी आहे. मधोमध खुंटी ठोका, तिला ४० मीटरचा दोर बांधून वर्तुळ काढा आणि दर १५ अंशांवर खूण करा. २४ बंकर होतात, दोन खुणांत साडेदहा मीटर. मग ७५ मीटरच्या दोराने काटेरी तारेची रेघ आखा. तार आणि बंकर यांत ३५ मीटर उरतात. तारेपलीकडून फेकलेला हातबॉम्ब बंकरात पडू नये, एवढं अंतर हवंच.

सहा तोफा चांदणीसारख्या मांडा: पाच टोकांना, सहावी मध्ये. हल्ला कुठूनही आला तरी मारा करता येतो आणि मधली तोफ रात्री प्रकाशगोळे टाकत राहते. तारेवर चालून येणाऱ्यांसाठी बीहाइव्ह गोळे हाताशी ठेवा. एकेकात सुमारे ८,००० पोलादी बाण असतात. ते झाडण्याआधी आपल्या लोकांनी बंकरात खाली बसायची खूण ठरलेली हवी. २१ मार्च १९६७ ला सुई त्रे इथे याच गोळ्यांनी तळ वाचवायला मोठा हात दिला.

सर्वांत जास्त वेळ तारेला द्या. सॅपर, म्हणजे तारेतून चोरून आत शिरणारा शत्रूचा सैनिक, अंगाला काजळी फासून, जवळजवळ उघड्याने, पोटावर सरपटत येतो. वाटेतली बारीक तार बोटांनी चाचपतो, भडका उडवणारा फ्लेअर बांधून निकामी करतो, एकाच दिशेने छर्रे उडवणारा क्लेमोर सुरुंग सापडला तर त्याचं तोंड आपल्याकडे फिरवून ठेवतो. म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक फ्लेअर आणि क्लेमोर हाताने तपासा, त्यांच्या जागा बदला, वाढलेलं गवत कापा. पहारेकऱ्याची झोप हा या सगळ्यातला कच्चा दुवा. २८ मार्च १९७१ च्या पहाटे मेरी ॲन तळावर सॅपर तारेतून आत आले तरी कोणाला पत्ता लागला नाही. ३० अमेरिकी सैनिक मेले. तळ तेव्हा दुसऱ्यांच्या हवाली करायची तयारी चालू होती आणि अशा दिवसांतच पहारा ढिला पडतो.

पायदळ तळात बसवून ठेवू नका. गस्ती बाहेर नसतील, तर तोफांना लक्ष्य दाखवणारं कोणी उरत नाही आणि शत्रू निवांतपणे अंतरं मोजतो. मुक्काम जितका लांबेल, तितका त्याचा नेम पक्का होतो.

निघताना खड्डे बुजवा, वाळूच्या गोण्या फाडा, तार गुंडाळा, क्लेमोर मोजून घ्या. रिकामे डबे, रेडिओच्या जुन्या बॅटऱ्या, न फुटलेले गोळे मागे राहिले, की त्यांचेच सुरुंग होऊन पुढच्या गस्तीच्या वाटेत येतात.