क्युबाची मुलं आणि अमेरिकी निर्बंध: परिणाम कसा तपासायचा

'निर्बंधांमुळे क्युबातली मुलं मरतात' आणि 'औषधांवर तर बंदीच नाही', ही दोन्ही वाक्यं तुमच्यासमोर येतील. लिहायला बसण्याआधी दोन्ही बाजूला ठेवा, मुलाच्या गरजेची एखादी वस्तू निवडा आणि ती कुठे अडली ते उलट्या दिशेने शोधत जा.

दुधापासून सुरुवात करा. व्यापारबंदी आली त्याच वर्षी, १९६२ मध्ये, क्युबात 'लिब्रेता' ही रेशनची वही सुरू झाली. तिच्यावर सात वर्षांखालच्या मुलांना स्वस्त दूध मिळतं. २०२४ च्या सुरुवातीला हे दूध पुरवणं जमेना, म्हणून सरकारने जागतिक अन्न कार्यक्रमाकडे दूधपावडर मागितली. आता मागे चला. अमेरिकेतून अन्न विकत घेता येतं का? येतं, २००० च्या अमेरिकी कायद्यापासून. क्युबात अमेरिकी कोंबडी भरपूर जाते. पण उधारी नाही, पैसे आगाऊ. त्यासाठी क्युबाकडे डॉलर का नाहीत, हे विचारलं की निर्बंधांसोबत घटलेलं पर्यटन, आटलेली शेती आणि हॉटेलांवर झालेला सरकारी खर्चही हिशेबात येतो. यातलं काहीही गाळू नका.

औषधाचा माग जास्त किचकट. कागदावर सूट असते, तरी माल पोहोचत नाही. ही चार ठिकाणं तपासा:

१. परवाना: औषध कुठे, कोणासाठी वापरलं जाणार याची खातरजमा १९९२ च्या अमेरिकी कायद्याने सक्तीची केली.
२. सुटे भाग: तिसऱ्या देशात बनलेल्या यंत्रातही नियंत्रित अमेरिकी भागांची किंमत १० टक्क्यांवर गेली की अमेरिकी परवाना लागतो. नवजात बाळांच्या व्हेंटिलेटरसारखी यंत्रं इथे अडकू शकतात.
३. जहाज: क्युबात व्यापारासाठी थांबलेल्या जहाजाला १८० दिवस अमेरिकी बंदरात माल चढवता-उतरवता येत नाही. भाडं वाढतं.
४. बँक: जानेवारी २०२१ मध्ये क्युबा पुन्हा अमेरिकेच्या 'दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या' देशांच्या यादीत गेला. कायदेशीर व्यवहारालाही बँका नकार देतात, आणि असा नकार कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

मग आकडे. दर हजार जिवंत जन्मांमागे बालमृत्यू २०१८ मध्ये सुमारे ४ होते, २०२१ मध्ये ७.६ झाले. इथेच बहुतेक जण घसरतात. व्यापारबंदी दोन्ही वर्षी होतीच, त्यामुळे नुसतं 'बंदीमुळे' म्हणून चालत नाही. मधल्या काळात काय बदललं ते मांडा: २०१९ पासून आवळलेले निर्बंध, कोविड, जानेवारी २०२१ ची चलनसुधारणा (देशातली दोन चलनं एक करणं), देश सोडणारे डॉक्टर. शिवाय जुना आकडाही डोळे झाकून घेऊ नका. क्युबात पहिल्या आठवड्यातल्या मृत्यूंच्या तुलनेत उशिराच्या गर्भमृत्यूंची नोंद विलक्षण जास्त दिसते, म्हणून जन्मानंतर लगेच झालेले काही मृत्यू गर्भमृत्यू म्हणून नोंदले जात असावेत, अशी काही अभ्यासकांना शंका आहे. बालमृत्यू आणि गर्भमृत्यू, दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.

मुलांचा आकडा स्थिर दिसला तर त्याच वर्षीचा मोठ्यांचा आकडा काढा. सोव्हिएत मदत थांबल्यावर, १९९२-९३ मध्ये, पन्नास हजारांहून जास्त क्युबन लोकांची दृष्टी किंवा नसा अधू झाल्या. कुपोषण हे त्यातलं मोठं कारण होतं. त्यात मुलं फार थोडी होती, कारण तुटपुंज्या रेशनमध्येही त्यांचा वाटा आधी काढला जात होता.