पुरात भिजलेला फिल्म कॅमेरा: कारागिराकडे नेण्याआधीची तयारी

कॅमेरा पाण्यातून हाती आला की शटर चालते का, हे पाहण्याचा मोह होतो. तो पहिल्याप्रथम आवरावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर ओसरल्यावर कपाटाच्या खालच्या कप्प्यातून निघालेल्या आमच्या पेंटॅक्स के१००० चा फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर मी घाईने ओढला, तेव्हा जात्यात खडा यावा तसा कर्रकर्र आवाज आला. गाळाचे कण दातेरी चक्रांत शिरले होते आणि त्या एका ओढीने दुरुस्तीचा खर्च वाढला.

आत रोल असेल तर तो पूर्ण अंधारात काढून, वाळू न देता, थंड स्वच्छ पाण्याच्या काळ्या डबीत ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये द्यावा, कारण फिल्मवरचा जिलेटिनचा थर वाळताना गुंडाळीचे वेढे एकमेकांना चिकटतात. सेल काढून घ्यावा. हेअर ड्रायर, कडक ऊन आणि तांदळाचा डबा हे तिन्ही टाळावेत. उष्णतेने ग्रीस पातळ होऊन लेन्सच्या छिद्राच्या पात्यांवर पसरते आणि तांदळाचे पीठ आत जाते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा पुरेसा आहे, मात्र त्याने बाहेरची ओल जाते, आतला गाळ जात नाही.

त्यानंतर पाणी कोणते होते, याची नोंद करावी. नळाचे किंवा पावसाचे पाणी असेल आणि कॅमेरा थोड्याच दिवसांत उघडला गेला, तर आशा बरीच असते; नदीच्या गाळासाठी प्रत्येक भाग सुटा करून धुवावा लागतो; समुद्राच्या पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्यावर मी तरी पैसे घालणार नाही, कारण आज चालू झालेला कॅमेरा आत राहिलेल्या मिठामुळे काही महिन्यांनी पुन्हा अडकू शकतो.

मॉडेलचा विचार इथे निर्णायक ठरतो. १९७६ साली आलेल्या के१००० चे शटर पूर्णपणे यांत्रिक असून सेल फक्त प्रकाशमापकासाठी लागतो. त्याच वर्षीच्या कॅनन एई-१ चे शटर मात्र विजेवर चालते, आणि त्याचा सर्किट बोर्ड गंजला तर दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढलेल्या भागाखेरीज सहसा इलाज नसतो.

लेन्स काढून टॉर्चच्या उजेडात आरपार पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी धरली आहे असे समजावे. साधी ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर ती साफ करून घेण्यापेक्षा वापरलेली दुसरी घेणे बहुधा स्वस्त पडते. आरसा रुमालाने पुसू नये, त्याचा चकचकीत मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. शटरचा कापडी पडदा सुरकुतला आहे का आणि तळपट्टीच्या स्क्रूंना गंज आहे का, हे फक्त पाहावे. स्क्रू स्वतः फिरवू नयेत.

अंदाजपत्रक मागण्याआधी त्याच मॉडेलच्या चालू, वापरलेल्या बॉडीचा भाव काढावा. के१००० १९९७ पर्यंत बनत होता, त्यामुळे तो आजही सापडतो. दुरुस्तीचा खर्च त्या भावाच्या निम्म्याहून अधिक होत असेल तर मी दुसरी बॉडी घेऊन भिजलेली सुट्या भागांसाठी ठेवीन. वडिलांचा कॅमेरा असेल तर हिशेब वेगळा होतो; तो वेगळा आहे हे कारागिरासमोर बसण्याआधी स्वतःशी कबूल करावे, म्हणजे पुढे किमतीवरून मन खट्टू होत नाही. कारागिराला पूर्ण खोलून सफाई होणार की वरवर तेल सोडणार, १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे शटरचे सर्व वेग तपासून मिळतील का, आणि खोलून पाहिल्यावर काम नाकारले तर किती पैसे द्यावे लागतील, हे स्पष्ट विचारावे.

शेवटी डब्यात एक चिठ्ठी ठेवावी: किती तास पाण्यात होता, पाणी कोणते, बाहेर काढून किती दिवस झाले, आपण काय काय केले. आमच्या चिठ्ठीत "लिव्हर एकदा ओढला" हेही लिहिले होते. ते वाचून कारागिराने सर्वांत आधी तळपट्टी काढली.