एम१५, डब्ल्यू१५ खेळायला निघण्याआधी

एम१५ (पुरुष) आणि डब्ल्यू१५ (महिला) या आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, सगळ्यात खालच्या पायरीच्या व्यावसायिक स्पर्धा. सोमवारी सुरू होणाऱ्या आठवड्याची आयटीएफ एन्ट्री १८ दिवस आधीच्या गुरुवारी बंद होते. वेळ जीएमटीनुसार दुपारी २, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. "प्रॅक्टिसहून घरी गेल्यावर भरू" म्हणणारा साडेसातला हमखास ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असतो, आणि आठवडा हातचा जातो. एन्ट्री बुधवारीच टाकून मोकळे व्हा. त्याआधी आयपिन (आयटीएफचा खेळाडू-नोंदणी क्रमांक) काढून वर्षाची फी भरलेली हवी आणि टीआयपीपी हा मॅचफिक्सिंगविरोधी ऑनलाइन कोर्स पूर्ण झालेला हवा.

एकाच आठवड्याच्या दोन-तीन स्पर्धांना पसंतीक्रमाने नाव टाकता येतं. टाकाच. मात्र १३ दिवस आधीचा मंगळवार, पुन्हा साडेसात, ही नाव मागे घेण्याची मुदत डोक्यात ठेवा. ती उलटल्यावर माघार घेतली तर दंड बसू शकतो. तिकीट काढायचं ते या मंगळवारची यादी पाहून. मेन ड्रॉमध्ये (मुख्य स्पर्धेत) आहात, क्वालिफाइंगमध्ये (पात्रता फेरीत) आहात की अल्टरनेट (प्रतीक्षा यादीवर), आणि अल्टरनेट असाल तर कितव्या नंबरवर, हे तेव्हा बऱ्यापैकी कळतं. रेल्वेचं आरक्षण तोवर वेटिंगला गेलेलं असतं, म्हणून सोलापूरसारखं ठिकाण असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट आधीच काढून ठेवा. लवकर रद्द केलं तर फार कापत नाहीत. विमानाच्या स्वस्त तिकिटाचं तसं नसतं.

आता हिशेब. एम१५ला एकेरीत पहिल्याच फेरीत हरलात तर १५६ डॉलर, दुसऱ्या फेरीत २५८, उपांत्यपूर्व फेरीत ४३८, जिंकलात तर २,१६०. त्यातूनही कर कापला जातो. एटीपी गुण (पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचे) पहिल्या फेरीत शून्य, दुसऱ्या फेरीत १, विजेत्याला १५. मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे हॉटेल, जेवण आणि प्रवास धरला तर दुसऱ्या फेरीपर्यंत जाणाराही खिशातूनच घालतो. हे गृहीत धरूनच आखणी करा: एकेकटा आठवडा खेळू नका, जवळच्या शहरांतले सलग तीन आठवडे धरा. खोली दोघांत घ्या आणि दुहेरीचा जोडीदार निघण्याआधी ठरवा. क्वालिफाइंगला पहिल्याच दिवशी बाहेर पडलात तर आठवड्यात खेळायला दुहेरीच उरते.

स्पर्धेची फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रक, नीट वाचा. सराव किमान दहा दिवस त्यातल्याच ब्रँडच्या बॉलवर करा. ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या कोर्टवर बेसलाइनमागे जागा तुटपुंजी असते, कुंपण पाठीला लागतं. आयटीएफच्या मापाने ती ६.४ मीटर हवी. तोकड्या कोर्टवर वाढलेला खेळाडू सर्व्हिस आत घुसूनच घेतो आणि टप्प्यानंतर उंच उसळणाऱ्या जोरदार किक सर्व्हिससमोर चाचपडतो. निघण्याआधीचे दोन आठवडे तरी पूर्ण मापाचं कोर्ट भाड्याने घ्या. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

राहिलं गटिंग, म्हणजे रॅकेटला तार ओढणं. एका रॅकेटला साधारण १२ मीटर तार लागते, २०० मीटरच्या रीळात सोळा रॅकेट होतात. सुटे सेट घेण्यापेक्षा रीळ परवडतं. स्पर्धेच्या ठिकाणी फक्त मजुरी द्यायची. पॉलिएस्टर तारेचं टेन्शन (ताण) पहिल्या काही तासांतच उतरतं, त्यामुळे ठाण्यातून आठवडाभर आधी गटिंग करून नेलेली रॅकेट मॅचच्या दिवशी ढिली लागते आणि बॉल लांब जायला लागतात. मग खेळाडू स्विंग आखडतो, दोष मात्र फोरहँडला देतो. सरावाची रॅकेट घरून करून न्या, मॅचच्या दोन रॅकेट तिथे आदल्या संध्याकाळी करून घ्या. टेन्शनचा आकडा चिठ्ठीवर लिहून रॅकेटला चिकटवा, कारण प्रत्येक मशीन थोडं वेगळं ओढतं. पहिल्या दिवशी एकच रॅकेट देऊन पाहा, हाताला सैल वाटली तर दुसरीला एक पाउंड वाढवून सांगा.